दिसेल तेच सांगायचं

आमच्या घरात खुणा करायला बंदी आहे. डोळा मारायचा नाही, भुवई उडवायची नाही, कुणाच्या पाठीमागून हात हलवून ‘पुरे आता’ असं सुचवायचं नाही. नवरा-बायकोला खुणांशिवाय संसार करायला लावणं हा जुलूम आहे, असं मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. पण जुलूम थोरल्या नणंदेच्या नावाचा होता आणि करणारा खुद्द नवरा होता. दाद मागायची कुणाकडे?

ताईंना दिसत नाही. लहानपणी थोडं दिसायचं, शाळेत जायला लागल्या तशी तीही नजर गेली. आमचे हे त्यांच्या पाठचे. ताईंचं बोट धरून चालायचं आणि वाटेत काय काय आहे ते सांगत राहायचं, हे यांचं बालपण. त्यात ताईंची अट एकच. दिसेल ते सांगायचं, वाटेल ते नाही. ‘कुत्रा बसलाय’ म्हण, ‘कुत्रा चावेल’ म्हणू नकोस. चावेल की नाही ते मी बघते. ‘बघते’ हा शब्द त्या बिनदिक्कत वापरतात, आणि समोरचा कानकोंडा झाला की त्यांना मनापासून आनंद होतो.

खुणांच्या बंदीमागे एक गोष्ट आहे. ताई दहा-बारा वर्षांच्या असताना घरी एक मामा आले होते. खाऊ वाटताना त्यांनी ताईंकडे बोट दाखवून आईला हातानेच विचारलं, हिला थोडा कमी दिला तर कळणार आहे का? आई काही बोलायच्या आत आमच्या यांनी भर बैठकीत आवाज चढवला, “मामा हाताने विचारतायत, ताईला कमी दिला तर चालेल का!” मामा पुन्हा फारसे आले नाहीत. ताई ही गोष्ट इतक्यांदा सांगायच्या की ती मलाही आठवते असं वाटायला लागलं होतं. सांगून झाली की म्हणायच्या, “लोकांना देव दोन डोळे देतो. मला पाय असलेले दिले. एवढंच की त्यांना भूक फार लागते.”

मीही एकदा सापडले होते. नवी नवरी, जेवायला बसलेलो, भाजी लागली होती तळाला. मी यांना डोळ्यांनी खुणावलं की काही बोलू नका. हे ताबडतोब म्हणाले, “ताई, ही मला खुणावतेय. भाजी करपलीय आणि तुला कळू नये असं तिला वाटतंय.” मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ताई शांतपणे म्हणाल्या, “अगं, डोळे नाहीत, नाक आहे.” आणि पुन्हा वाढून घेतली. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. यांच्यावरचा राग मात्र बरेच दिवस गेला नव्हता. आता वाटतं, निदान तेव्हा हा माणूस खरा तरी होता.

ताईंचं काम टायपिंगचं. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाल्यावर जे बोलून ठेवतात ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. लॅपटॉपमध्ये एक आवाज बसवलेला आहे, तो त्यांनी काय टाइप केलं ते वाचून दाखवतो. त्या आवाजाला त्या ‘आमची पोपटीण’ म्हणतात. पोपटीण इतकी भरभर बोलते की आपल्याला नुसती किचकिच ऐकू येते. आणि ताई काम करताना स्क्रीन कायम बंद ठेवतात, म्हणजे लॅपटॉप चालू पण स्क्रीन काळी. तशी सोयच असते त्यात. पूर्वी कधीतरी एका पाहुणीने मागे उभं राहून कुणाच्या तरी गर्भपाताचा रिपोर्ट वाचला होता आणि वर चहा पिताना त्यावर चर्चा केली होती. तेव्हापासून हा नियम. “लोकांची दुखणी आहेत ती, वर्तमानपत्र नाही,” ताई म्हणतात. त्यामुळे घरातल्या कुणीही ताईंची स्क्रीन उजळलेली पाहिलेली नाही. माझी गोष्ट इथेच अडते आणि इथेच सुरू होते.

जुना लॅपटॉप मेला तेव्हा ताई नवा आणायला यांच्याबरोबर गेल्या. बाजारपेठेच्या कोपऱ्यावरचं दुकान, वर्षानुवर्षं हेडफोन, वायरी, सगळं तिथूनच. परत आल्या त्या खुशीत. यांनी म्हणे अशी घासाघीस केली, अशी घासाघीस केली की दुकानदाराने शेवटी हात टेकले. मी जरा चकितच झाले. आमचे हे भाव करायला गेले की दुकानदाराच्या बायकोच्या तब्येतीची चौकशी करून पूर्ण किंमत देऊन येतात. पण म्हटलं, बहिणीसाठी माणसाला वाचा फुटली असेल. ताईंनी तर डांगोराच पिटला. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई, फोनवरच्या मैत्रिणी, मीटर बघायला आलेला माणूस, सगळ्यांना सांगून झालं की माझा भाऊ होता म्हणून. हे ऐकायचे आणि चष्मा पुसायचे. मला वाटायचं, लाजतायत.

मग काही महिन्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलमधून बोलावणं आलं. आतापर्यंत ताईंना काम मिळायचं ते एजंटमार्फत, येईल तेव्हा येईल असं. ही नोकरी होती, रोज जायची, टेबल-खुर्ची असलेली. ताईंना आयुष्यभर हवी होती ती. त्या वरवर म्हणायच्या, “मिळाली तर मिळाली,” पण आरशासमोर उभ्या राहून मला केस नीट आहेत का विचारायच्या. चाचणी होती. डॉक्टरीणबाई बोलणार, ताई टाइप करणार, आणि डॉक्टरीणबाई शेजारी बसून स्क्रीनवर वाचून दुरुस्त्या सांगणार. पोपटीण तिथल्या मशीनमध्ये बसवायची परवानगी नव्हती, म्हणून स्वतःचा लॅपटॉप आणा, असं त्यांनी कळवलं होतं.

हे ऐकल्यावर आमचे हे म्हणाले, “त्यांच्याच मशीनवर करू दे म्हणावं की.” ताई म्हणाल्या, “पोपटीण नाही ना तिथे.” “मग छापून दाखव त्यांना.” ताई हसल्या, “लग्नाला निघालेय का, पत्रिका छापायला?” चाचणीच्या दिवशी यांना सुट्टी मिळेना. एरवी ताईंच्या दाताच्या डॉक्टरकडेही सुट्टी काढून जाणारा माणूस. मग मी गेले.

खोली लहान होती, खिडकीशी फायलींचे ढीग. डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि ताईंची बोटं पळत होती. मला अभिमान वाटत होता. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बघू या आता.” ताईंनी बटण दाबून स्क्रीन उजळवली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

डावीकडे अक्षरं होती. उजवा अर्धा भाग काळा ठिक्कर. मधे एक वाकडी हिरवी रेघ.

डॉक्टरीणबाईंनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग ताईंकडे, मग माझ्याकडे. भल्या होत्या. म्हणाल्या, “ही स्क्रीन बिघडलीय का? मला प्रत्येक ओळ अर्धीच दिसतेय.”

“अर्धी म्हणजे?” ताईंनी विचारलं.

मी सांगितलं. नियमाप्रमाणे, दिसलं तसं. काळा भाग किती, रेघ कुठे. ताईंच्या मानेवर लाली चढत गेली ती कानापर्यंत. मोडका लॅपटॉप घेऊन नोकरी मागायला आलेली आणि तो मोडका आहे हेही माहीत नसलेली बाई, असं आपण या खोलीत दिसतोय, हे त्यांना कळलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की टायपिंग चांगलं वाटतंय, पुढच्या आठवड्यात चांगली स्क्रीन घेऊन या, पुन्हा बघू. त्यानंतर मात्र दुसऱ्यांना बोलवावं लागेल.

बसमध्ये मी विचारलं, “पडला होता का कधी?”

“माझ्या हातून कप पडतो. लॅपटॉप नाही पडत.” मग म्हणाल्या, “फसवलंन गं त्याने. आंधळी बघून माझ्या गळ्यात मारला. आणि माझ्या भोळ्या भावालाही गंडवलंन.” आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण त्या एरवी थट्टेने वापरतात. त्या दिवशी थट्टा नव्हती.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे म्हणाले, “बिघडला असेल मधेच. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा काय भरवसा. जाऊ दे, मी बोलतो दुकानात. तू नको जाऊस, ताई, उगाच डोक्याला ताप.”

“भांडण माझं आहे,” ताई म्हणाल्या. “तू चल हवं तर.”

यांना दुसऱ्या दिवशीही सुट्टी मिळाली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी अजून ओळखलं नव्हतं. नवरा कामचुकार नाही, भित्रा आहे, एवढंच मला वाटलं.

दुकान अरुंद, काउंटरच्या काचेखाली माउस आणि चार्जर मांडलेले, बाहेरच्या बाजूला दोन स्टुलं. दुकानदार पन्नाशीचा, गोड बोलणारा. “या ताई, या वहिनी,” झालं. ताईंनी नमस्कार-चमत्कार काही न करता लॅपटॉप काउंटरवर ठेवला, उघडला आणि म्हणाल्या, “याच्या बदली याच जातीचा, अख्ख्या स्क्रीनचा लॅपटॉप हवाय. आज.”

दुकानदाराने लॅपटॉप हातात घेतला. खूप वेळ बघितल्यासारखं केलं. मग म्हणाला, सर्व्हिस सेंटरला पाठवू. ताई म्हणाल्या, तोवर माझी नोकरी दुसऱ्या कुणाला लागेल. तो म्हणाला, स्क्रीन फुटली असेल तर वॉरंटीत बसत नाही. त्या म्हणाल्या, फुटली असेल तर तुमच्याकडेच फुटली, कालपर्यंत मी ती एकदाही उजळवली नव्हती. तो म्हणाला, मग इतके महिने का नाही आलात? हा प्रश्न त्याने विचारायला नको होता.

“कारण मला दिसत नाही!” ताईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. केबल घ्यायला आलेला एक तरुण दचकून मागे सरला. “तुम्हाला ठाऊक होतं मला दिसत नाही. म्हणून हा टाकाऊ माल मला बांधून दिलात. माझा भाऊ साधा आहे, त्याच्या डोळ्यांत धूळ फेकलीत. माझ्या डोळ्यांत फेकायची तर गरजच नव्हती!”

दुकानदाराचा चेहरा पडला. आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

आधी ओठांवर बोट ठेवलं. मग ताईंकडे दाखवलं. मग दोन्ही हातांनी डोळ्यांभोवती गोल केले, मोठ्ठा चष्मा. मग स्क्रीनवर मधोमध हात उभा धरला, अर्धी, आणि मान डोलावली. होय, चालेल.

मोठा चष्मा आमच्या घरात एकाच माणसाला आहे.

त्या एका क्षणात मला सगळं समजलं, भाव करायला आलेली वाचा, सतत पुसलेला चष्मा, न मिळालेल्या सुट्ट्या. दुकानदार माझ्याकडे विनवणीच्या नजरेने पाहत होता. मी नुसती मान हलवली असती तर काहीतरी तडजोड झाली असती, ताईंना बदली लॅपटॉप मिळाला असता आणि माझा नवरा घरी भोळा भाऊ म्हणून राहिला असता. मला मोह झाला नाही असं नाही. आणि त्याहून जास्त संताप आला, की हा नियम मला ज्याने शिकवला त्याच्यासाठी मी तो मोडायचा?

“ताई,” मी म्हटलं, “हे दुकानदार मला खुणावतायत. आधी गप्प राहा म्हणाले. मग तुमच्याकडे दाखवलं, मग मोठा चष्मा दाखवला, मग अर्धी स्क्रीन, आणि मान डोलावली.”

ताईंनी मागे हात नेऊन स्टूल चाचपलं आणि बसल्या.

“आता तोंडाने सांगा,” त्या दुकानदाराला म्हणाल्या.

त्याने सांगितलं. शोसाठी ठेवलेला लॅपटॉप होता, पडला होता, अर्धी स्क्रीन गेली होती, बाकी ठणठणीत. स्वस्तात काढायचा होता. भाऊसाहेब आले, त्यांनी पाहिलं, त्यांना पटलं. “फसवलं नाही हो मी. त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले की ताईंना...”

“म्हणाले? तोंडाने?”

दुकानदार अडखळला. “नाही. म्हणजे, तुम्ही इथेच बसला होतात ना. मी हातानेच विचारलं, अर्धी गेलीय, चालेल का? त्यांनी तुमच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मग बोटाने दाखवलं, बोलू नका.”

“मी कुठे बसले होते?”

“ह्याच स्टुलावर.”

ताईंनी स्टुलाच्या कडेवरून हात फिरवला, एकदा, गोल. कुंपणानेच शेत खाल्लं की माणूस ओरडत नाही. ओरडायचं कुणाच्या नावाने? मला तेव्हा यांना समोर उभं करून विचारावंसं वाटत होतं, की मामांचं एवढं बिंग फोडलंत ते कशासाठी, स्वतःच मामा व्हायला?

मग ताई बोलल्या. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवलं नाही. “ऐका. तो भाऊ आहे, त्याचं मी घरी बघेन. तुम्ही दुकानदार आहात. गिऱ्हाईक मी होते, पैसे माझे होते, मी हाताच्या अंतरावर बसले होते. माल अर्धा आहे हे मला सांगायचं तोंड तुम्हाला होतं. त्याने गप्प राहा म्हटलं म्हणून तुम्ही गप्प राहिलात, तर विकलात कुणाला?”

त्याने लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं.

“अख्खा लॅपटॉप द्या. या मालात आणि त्यात जो फरक आहे तो मी भरते, मला फुकट नको. पण वापरला म्हणून कापाकापी करायची नाही, आणि माझं सगळं काम, माझी पोपटीण, आज संध्याकाळपर्यंत नव्यात बसवून द्यायची. हे जर अन्यायाचं वाटत असेल तर सांगा. तोंडाने.”

“नाही, ताई. रास्त आहे,” तो म्हणाला.

संध्याकाळी नवा लॅपटॉप तयार झाला. ताई म्हणाल्या, “काय दिसतंय?” मी सांगितलं, अख्खी स्क्रीन उजळलीय, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, रेघ नाही, डाग नाही. त्यांनी मान हलवली. मग दुकानात आलेल्या एका अनोळखी बाईंच्या आवाजाकडे वळून म्हणाल्या, “अहो, जरा येता का? ही स्क्रीन कशी दिसते, सांगाल?”

त्या बाईंनी तेच सांगितलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्याच दुकानात, त्याच दुपारी मी माझ्या नवऱ्याविरुद्ध साक्ष दिली होती. पण ताईंचा माझ्यावर राग नव्हता. एकाच्या डोळ्यांवर भागवायचे दिवस संपले होते, एवढंच.

हे घरी आले तेव्हा ताई टेबलाशी बसल्या होत्या, नवा लॅपटॉप समोर, स्क्रीन उजळलेली. यांनी ती पाहिली आणि दारातच थांबले.

“तुझेच पैसे वाचवले ना मी, ताई,” हे म्हणाले. आम्ही कुणी काही विचारलंही नव्हतं. “एक छदाम ठेवला नाही. तुला स्क्रीनचं काय काम होतं? उगाच ज्याचा उपयोग नाही त्याचे पैसे का भरायचे?”

“हेच मला दुकानात सांगितलं असतंस, तर मीही कदाचित तोच घेतला असता.”

“तुला लागलं असतं मनाला.”

“लागलं असतं. मग?”

हे चष्मा पुसायला लागले. ताई म्हणाल्या, “मामाने निदान आईला विचारलं होतं. तू मान हलवून मोकळा झालास. याआधी किती वेळा?”

“कधीच नाही. आईशपथ, ताई, ही एकदाच.”

“असेल,” ताई म्हणाल्या. “पण तू सांगितलेलं खरं की खोटं, हे मी आजवर कशावरून ठरवत होते, माहितीये? तू सांगितलंस यावरून. रस्त्याला खड्डा नाही म्हणालास, पाय टाकला. आईचा चेहरा जाताना शांत होता म्हणालास. आता मी ते सगळं कुणाकडून तपासून घेऊ?”

हे रडले. आईच्या चेहऱ्याचं ऐकून रडले. “शांत होता गं, ताई, खरंच शांत होता,” असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आई गेल्या तेव्हा मी हॉस्पिटलात नव्हते. मलाही सांगता येईना. ताईंनी स्क्रीन बंद केली आणि हेडफोन लावले.

नोकरी मिळाली. दुसऱ्या चाचणीत डॉक्टरीणबाईंनी दोनच दुरुस्त्या काढल्या आणि त्यातली एक त्यांचीच चूक निघाली. पहिल्या दिवशी जायच्या गडबडीत ताई कपाटाशी उभ्या होत्या, हातात स्कार्फ. जुन्या सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, “हा निळा की करडा रे?”

“निळा,” हे चटकन म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांना काही विचारलं गेलं होतं. चेहरा उजळला त्यांचा.

“बरं,” ताई म्हणाल्या. पर्स खांद्याला लावली, काठी घेतली आणि स्कार्फ हातातच धरून जिना उतरल्या. खालच्या मजल्यावर त्यांनी शिंपीणबाईंचं दार वाजवलेलं आम्हाला वर ऐकू आलं. “जरा बघता का हो, हा कुठला रंग?”

“निळा,” शिंपीणबाई म्हणाल्या.

हे कठड्याला धरून जिन्याच्या तोंडाशी उभे होते. माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, “निळाच आहे ना गं तो?”

“निळाच आहे,” मी खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. तोवर ताई रस्त्यावर पोहोचल्या होत्या.